यादीतल्या तेवीस होड्या

हयातीच्या दाखल्याचं काही तरी घोंगडं भिजत पडलं होतं म्हणून मागच्या पावसाळ्यात ओरोसला गेलो. एसटीतून उतरलो, या खात्यातून त्या खात्यात चार फेऱ्या मारल्या आणि शेवटी एका बाकावर बसवून ठेवलं मला. समोरच्या भिंतीवर पुराचा आराखडा लावलेला. रंगीत नकाशा, निळी नदी, आणि खाली एक तक्ता. त्यात 'उपलब्ध होड्या' असा रकाना होता. मी उठलो आणि टेबलावरच्या पोराला विचारलं, या होड्या कुठल्या महिन्यात मोजल्या? त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हातारा चळलाय हे ओळखून मला परत बसायला सांगितलं. बसलो. पण माझं डोकं फिरलं ते फिरलंच. तापट तर मी पहिल्यापासून आहे, आणि होड्यांच्या यादीवरून तर जास्तच.

साठ सालच्या अलीकडे-पलीकडेची गोष्ट. तेव्हा ओरोसला कचेऱ्या नव्हत्या, आमचा कलेक्टर रत्नागिरीला बसायचा. मी तेवीस वर्षांचा, मामलेदार कचेरीत हंगामी कारकून. आमचं गाव नदी जिथे खाडीला मिळते तिथलं, छोटंसंच, पण म्युनिसिपालिटी असलेलं, म्हणून आम्ही त्याला शहर म्हणायचो. मामलेदार कचेरी, म्युनिसिपालिटी, पोलीस, बांधकाम खातं, सरकारी दवाखाना आणि बंदर खातं, सगळी एका चौकाभोवती. एका कचेरीत कोणी शिंकलं तर दुसरीत ऐकू जायचं. पत्र पोचायला मात्र चार दिवस लागायचे, कारण ते आधी नोंदवायचं, मग कोणाच्या तरी सहीला ठेवायचं, आणि तो सही करणारा नेमका फिरतीवर गेलेला असायचा.

ज्या पावसाळ्याची ही गोष्ट, त्याच्या आदल्या मार्गशीर्षात रत्नागिरीहून एक कागद आला होता. नदीला पूर आल्यास तालुक्यात किती होड्या उपलब्ध होतील, आठ दिवसांत कळवा. अव्वल कारकुनांनी तो माझ्यापुढे सरकवला. मी सायकल काढली, खाडीवर गेलो, काठाकाठाने मोजत गेलो. तेवीस होड्या. पाण्यावर डुलत होत्या, छान ऊन पडलं होतं, कोणी तरी मला ताजे मोरी मासेही दिले. परत येऊन सुवाच्य अक्षरात यादी केली, मालकांची नावं, लांबी, माणसं किती बसतील, सगळं. यादी मुदतीच्या आत गेली म्हणून अव्वल कारकुनांनी माझी पाठ थोपटली.

आता सांगा, मी काही घाटावरून आलेला नव्हतो. याच खाडीच्या काठी जन्मलो. मृग लागला की समुद्रावरच्या मोठ्या होड्या वर ओढून घेतात, माडाच्या चुडतांनी शाकारून ठेवतात आणि नारळी पुनवेला समुद्राला नारळ दिल्याशिवाय पाण्यात घालत नाहीत, हे मला बोलता यायला लागलं तेव्हापासून ठाऊक. अव्वल कारकुनांना ठाऊक, पट्टेवाल्याला ठाऊक, कचेरीतल्या टेबलाखुर्चीलासुद्धा ठाऊक असेल. आणि तरीही, पूर पावसात येतो आणि होड्या मी थंडीत मोजतोय, हे आमच्यातल्या एकाच्याही टाळक्यात आलं नाही! घरी मालवणी बोलणारे आम्ही कचेरीच्या पायऱ्या चढलो की शुद्ध मराठी बोलायला लागायचो, आणि गावाबद्दलची अक्कल बहुतेक वहाणांबरोबर बाहेर काढून ठेवायचो. कागदाने 'किती' विचारलं, आम्ही 'किती' सांगितलं.

मग आली आषाढातली अवस. तीन दिवस पाऊस खळला नव्हता. सकाळी उठून बघतो तर बाजारातल्या खालच्या आळीत गुडघाभर पाणी. एक मात्र कबूल केलं पाहिजे, आपापल्या हद्दीत सगळ्या खात्यांनी कामं चोख केली. म्युनिसिपालिटीने भोंगा वाजवला, सफाई कामगारांनी खालच्या आळीतली म्हातारीकोतारी पाठुंगळी मारून शाळेत आणली. बांधकाम खात्याच्या ओव्हरसियरने ओढ्यावरच्या साकवावर आडवा बांबू टाकून रस्ता बंद केला. पोलीस दोरखंड घेऊन उभे होते. दवाखान्याच्या कंपाउंडरने शाळेच्या ओट्यावर औषधाच्या बाटल्या मांडल्या. रत्नागिरीची तार तेवढी तुटली होती, त्यामुळे वरून काही विचारणारंही कोणी नव्हतं. नऊ वाजेपर्यंत आम्हाला वाटलं, निभावलं.

तेवढ्यात आमचा पट्टेवाला धापा टाकत आला. जुव्यावर पाणी चढलं होतं.

खाडीच्या मधल्या बेटाला आमच्याकडे जुवा म्हणतात. त्या जुव्यावर चार घरं, अकरा माणसं, बाकी माड. पट्टेवाल्याने टेकावरून बघितलं तर घरांच्या पडवीला पाणी लागलेलं, आणि माणसं सगळ्यात उंच घराच्या माळ्यावर चढून कौलं सारून लाल पासोडी हलवत होती. त्या अकरा माणसांत माझी थोरली बहीण होती. आम्ही तिला बाय म्हणायचो. तिच्या मांडीवर दोन महिन्यांची मुलगी. बाळंतपणाला आमच्याकडे आली होती, आणि आठच दिवसांपूर्वी, लावणीला सासरी माणूस कमी पडतंय म्हणून हट्ट धरून परत गेली होती. आई नको नको म्हणत होती. तिला तरीतून, म्हणजे माणसं पलीकडे नेणाऱ्या होडीतून, जुव्यावर पोचवून आलो तो मीच.

तरीची होडी पहाटेच दावं तोडून समुद्राकडे गेली होती. खाडीत मासे धरायची दोन लहान होडकी होती, त्यातलं एक तासाभरापूर्वी उलटलं आणि त्यातला माणूस पोहून कसाबसा काठाला लागला होता. मी तसाच रावसाहेबांच्या खोलीत घुसलो. मामलेदारांना आम्ही रावसाहेब म्हणायचो. हे चैत्रात बदलून आलेले, घाटावरचे, उंच, बुटांना रोज पॉलिश करणारे. त्यांच्या खोलीत सगळी खाती जमली होती. जुवा कोणाचा यावर बोलणं चाललं होतं. म्युनिसिपालिटीचे चीफ ऑफिसर म्हणत होते, तो शहराच्या हद्दीबाहेर आहे. ओव्हरसियर म्हणत होते, पाण्यावर बांधकाम खात्याचा अधिकार चालत नाही. रावसाहेबांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि अव्वल कारकुनांना फाइल आणायला सांगितली. फाइल उघडली, यादी वाचली आणि त्यांचा चेहरा एकदम सैलावला.

"तेवीस होड्या आहेत आपल्याकडे," ते म्हणाले. "मग अडलंय कुठे?"

अव्वल कारकून छताकडे बघायला लागले. बंदर खात्याचे साहेब, आमच्याच गावचे वयस्क ख्रिस्ती गृहस्थ, चष्मा पुसत बसले. यादीतलं ते सुंदर वळणदार अक्षर माझं होतं. धरणीने पोटात घ्यावं असं म्हणतात, ते मला त्या दिवशी कळलं. मीच बोललो. रावसाहेब, त्या होड्या आता पाण्यात नाहीत, वर ओढून झाकून ठेवल्यात, मी थंडीत मोजल्या होत्या. त्यांनी विचारलं, तुम्ही कुठले? म्हटलं, इथलाच. ते नुसतं माझ्याकडे बघत राहिले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

त्या ओढीला टिकेल अशी होडी एकच होती, रापणकरांची. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. ते आणि त्याची लांबलचक होडी चाळीस घरांच्या सामाईक मालकीची, आणि त्या चाळीस घरांचा म्होरक्या म्हणजे तांडेल. आम्ही सगळेच रापणकरांच्या वाडीकडे निघालो. रावसाहेब पुढे, मागून खाती, सगळ्यांच्या छत्र्या उलट्या होताहेत. कधी नव्हे ते पत्राशिवाय एक खातं दुसऱ्या खात्याबरोबर चालत होतं.

तांडेल सत्तरीचा म्हातारा, पडवीत बसून जाळ्याची भोकं भरत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि हातातलं काम न थांबवता सांगितलं. होडी माझी एकट्याची नाही, भागवाल्यांना विचारायला पाहिजे. ते एक वेळ होईल, पण समुद्राला नारळ दिलेला नाही. नारळाआधी होडी घातली आणि एखादा पोर गेला, तर त्याच्या आईला मी काय सांगू? शिवाय बंदरावर धोक्याचा लाल बावटा चढवलेला आहे, तो असताना होडी घातली तर बंदर खातंच आमच्यावर खटला भरणार. बंदर खात्याच्या साहेबांनी मान खाली घातली. ते खरंच होतं.

रावसाहेब म्हणाले, मग दुपारनंतर ओहोटी लागेल, पाणी उतरेल, तोवर थांबू. तेव्हा कुठे तांडेलाने जाळं खाली ठेवलं. त्याने समजावलं, अगदी पहिलीतल्या पोराला समजवावं तसं. आज अवस, उधाणाची भरती. मध्यान्हीला समुद्राचं पाणी आत येऊन नदीला थोपवून धरतं. तेवढा घटकाभर खाडी उभी राहते, तेव्हाच काय ती होडी आडवी काढता येईल. एकदा ओहोटी लागली की नदीची ओढ आणि ओहोटीची ओढ एक होते, मग होडी जुव्याला लागणार नाही, सरळ समुद्रात जाईल. आणि त्या जोडओढीत जुव्यावरची मातीची घरं उभी राहतीलशी त्याला खात्री नव्हती. पावणेअकरा वाजले होते.

माझा तोल गेला. कचेरीतली मराठी कुठल्या कुठे गेली. मी त्याच्यासमोर उभा राहून ओरडलो, की माझी बाय थंय आसा, दोन महिन्यांचा पोर आसा तिच्याकडे, आणि तू नारळ काय करतंस? रडायलाही लागलो असेन, आता आठवत नाही. म्हातारा उठला, माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"आरड नको," तो म्हणाला. "पयलो नारळ कोण दितलो, ता सांग."

कारण पहिल्या नारळाचा मान आमच्याकडे एका जुन्या व्यापारी घराण्याचा, आणि त्या घरातलं कर्तं माणूस मुंबईला गेलेलं. मानकऱ्याशिवाय दुसऱ्याने नारळ दिला तर पुढे वर्षभर वाद. रावसाहेबांना हे काही ठाऊक नव्हतं. त्यांनी विचारलं, मी दिला तर चालेल का? तांडेलाने डोकं खाजवलं, मागे उभ्या राहिलेल्या दोन-तीन म्हाताऱ्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, सरकाराचो नारळ चालात, सरकाराशी कोण भांडतलो?

मग जे झालं ते मी आयुष्यात परत बघितलं नाही. बंदर खात्याचे साहेब त्या वयात धावत गेले आणि स्वतः दोरी सोडून लाल बावटा खाली घेतला. नोंद काय करणार म्हणून विचारलं, तर म्हणाले, "वाऱ्यान पडलो म्हणान लिवतंय." पोरांनी होडीवरची चुडतं भराभर उपसून फेकली. फळ्यांच्या सांध्यांत फटी पडल्या होत्या. कंपाउंडर दवाखान्याचा कापसाचा गठ्ठाच घेऊन आला, ओव्हरसियरने रस्त्याचं डांबर चुलीवर तापवून आणलं, आणि म्हातारे रापणकर सरकारी कापूस सरकारी डांबरात बुडवून फटींत ठासायला बसले. म्युनिसिपालिटीचे सफाई कामगार ओंडके टाकत गेले, आम्ही सगळ्यांनी खांदा लावला. अव्वल कारकून धोतराचा काचा मारून चिखलात! पोलिसांनी दोरखंड दिला, पावती मागितली नाही. मागणीपत्र, जावक क्रमांक, कोणाला आठवण नव्हती. आठवण करून द्यायची तर ती मी, आणि मी होडीला रेटत होतो.

होडीचं नाक पाण्याला लागलं तेव्हा पावसाची एक जोरदार सर येऊन गेली. रावसाहेबांनी चिखलात बूट काढून ठेवले आणि नारळ हातात घेऊन अनवाणी उभे राहिले. तांडेल गाऱ्हाणं घालायला पुढे झाला. गाऱ्हाणं म्हणजे देवाशी मोठ्याने बोलणं. आमच्याकडे ते घातल्याशिवाय कुठलंच काम सुरू होत नाही.

"बा देवा दर्याच्या राजा, नारळी पुनव लांब आसा ह्यां आमका म्हायत आसा, तुकाय म्हायत आसा. पण लेकरांबाळां जुव्यार अडाकलीत. म्हणान आज ही मामलेदार कचेरी, ही मुनशिपाल्टी, ह्यां बंदर खाता, हे पोलीस, हो दवाखानो आणि हे बांधकामवाले तुझ्या पायाकडे इलेत. कोणाकडसून काय चूक झाली आसात ती पोटात घाल, आणि जाता ती होडी आसा तशी परत हाड म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. पोलीस म्हणाले, ओव्हरसियर म्हणाले, बंदर खात्याच्या साहेबांनी छातीवर क्रूस काढला आणि तेही म्हणाले. रावसाहेबांना आधी कळलं नाही, मग एक क्षण मागून त्यांचा एकट्याचा आवाज आला. सर्व खात्यांनी एकमताने केलेला ठराव माझ्या नोकरीत मी तेवढाच पाहिला. 'कोणाकडसून काय चूक झाली' म्हणताना म्हाताऱ्याने माझ्याकडे बघितलं नव्हतं. बघायची गरजच नव्हती. मी मान खाली घालून उभा होतो.

चौदा जण वल्ह्यांवर बसले. मी चढायला गेलो तर तांडेलाने मला मागे ढकललं, की वल्हं मारता येत नसलेला माणूस म्हणजे एका माणसाची जागा फुकट. बरोबरच होतं, पण तेव्हा मला त्याचा असा राग आला की सांगता सोय नाही. होडी निघाली. खाडी खरोखरच उभी राहिली होती. वाहून आलेल्या पेंढ्या, केळी, एक देव्हारा, सगळं जागच्या जागी गोल फिरत होतं. होडी त्यातून वाट काढत गेली आणि जुव्याच्या माडांआड दिसेनाशी झाली.

त्यानंतरचा वेळ मला सांगता येत नाही. घड्याळ पोलीस जमादारांच्या हातावर होतं, मी दर दोन मिनिटांनी त्यांचं मनगट ओढायचो. मी मनात आईला काय सांगायचं त्याची वाक्यं जुळवत होतो. पहिलं वाक्यच जुळेना. मग बाजूला कोणी तरी हळूच म्हणालं, पेंढी हलली. बघितलं तर खरंच, मघापासून गोल फिरणारी पेंढी सरळ होऊन समुद्राकडे चालायला लागली होती. ओहोटी.

आणि त्याच वेळी माडांच्या कडेने होडीचं नाक बाहेर आलं. होडी तिरकी येत होती, वल्ही मारणाऱ्यांच्या माना ताणलेल्या. आमच्यापासून निदान दीडशे हात खाली ती घसरत चाललेली दिसली. आम्ही काठाने धावलो. तांडेलाने काठावरून पहिल्या फेकीत होडीवर दोरखंड पोचवला, सत्तरीच्या म्हाताऱ्याने, आणि मग रापण ओढतात तशी आम्ही ती होडी ओढली. कारकून, पोलीस, झाडूवाले, रावसाहेब, एका दोरीला. माझ्या हाताची सालं गेली, ती मला संध्याकाळी दिसली.

मी माणसं मोजली. मोजण्यावर माझा विश्वास उरला नव्हता, म्हणून दोनदा मोजली. अकरा. दोन शेळ्या आणि एका ख्रिस्ती आजीच्या मांडीवर कोंबड्यांची पाटी, ती वेगळी. बाय सगळ्यात शेवटी उतरली. पोरगी ताडपत्रीच्या तुकड्यात गुंडाळलेली, कोरडी ठणठणीत, झोपलेली. माझा जीव भांड्यात पडला. मी चिखलात मटकन बसलोच. रावसाहेबही शेजारी येऊन बसले. त्यांचे बूट पाण्याने कधीच नेले होते.

पुढचं थोडक्यात सांगतो. जुव्यावरची दोन घरं संध्याकाळपर्यंत पडली. नारळी पुनवेला मानकऱ्यांनी आपला नारळ रीतीप्रमाणे दिला आणि सरकारचा नारळ जादा झाला म्हणून कोणी तक्रार केली नाही. रावसाहेबांनी मला नवीन यादी करायला लावली, त्यात महिन्यांचे बारा रकाने, आणि तांडेलाचा अंगठा. माझ्या चुकीबद्दल ते शेवटपर्यंत चकार शब्द बोलले नाहीत.

पण त्या दुपारचं राहिलं. शाळेत तिसरीच्या वर्गात बाय भिंतीला टेकून पेज पीत होती. मी पोरीला घेऊन तिच्या शेजारी बसलो होतो. गप्प राहिलो असतो तर तिला कधी कळलंही नसतं. पण राहवेना. मी तिला सगळं सांगितलं, सायकल, थंडीतलं ऊन, सुवाच्य अक्षर, तेवीस होड्या, आणि त्यातली एकही पाण्यात नव्हती हे. सांगताना मी तिच्याकडे बघू शकलो नाही. म्हटलं, बाय, तुझ्यासाठी तेवीस होड्यो लिवून ठेवलंय मी, आणि सगळ्यो खोट्यो.

तिने पेजेची वाटी खाली ठेवली. माझे सोललेले तळहात उलटेपालटे करून बघितले, पदराने पुसले.

"एक इली मा रे?" ती म्हणाली. "माका एकच व्हयी होती."